कुंपणावरचा अडुळसा : गुण ओळखा, मर्यादाही ओळखा

हिवाळा लागला की आपल्या वस्त्यांतून रात्री-बेरात्री खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. कुणी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबतो, कुणी वीटभट्टीवर, कुणी गिट्टीखदानीवर, तर कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर सिमेंट कालवतो. बायामाणसे चुलीच्या धुरात डोळे पुसत स्वयंपाक करतात. अशा घरात खोकला आला म्हणजे बहुधा दोनच वाटा असतात. एक तर मेडिकलवर जाऊन 'खोकल्याची बाटली द्या' म्हणायचे, नाही तर घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारायचे. आणि आजीचे उत्तर ठरलेले असते, 'अडुळशाचा पाला आण, काढा करून देते.'

आज आम्ही याच अडुळशाची माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत. हे झुडूप किती गुणाचे आहे ते तर सांगायचेच आहे, पण त्याचा गुण कुठे संपतो तेही सांगायचे आहे. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. म्हणून लेख शेवटपर्यंत वाचावा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

झुडपाची ओळख

अडुळसा हे बाराही महिने हिरवे राहणारे झुडूप होय. ते साधारण माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लांबट, टोकाला निमुळती आणि चांगली वीतभरही होतात. पान चुरगाळले की उग्र वास येतो आणि जिभेला लावले तर चांगलेच कडू लागते. हिवाळ्यापासून पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. फुलाच्या आत जांभळट रेषा असतात. फुलाचे दोन ओठ उघडलेले दिसतात, जणू सिंहाने जबडा उघडला आहे. त्यावरूनच संस्कृतात त्याला 'सिंहास्य' असे एक नाव पडले. 'वासा' आणि 'वासक' ही त्याची आणखी दोन नावे. आपल्या दारातली कोरांटी आणि हा अडुळसा एकाच कुळातले.

शास्त्रज्ञ त्याला 'जस्टिशिया आधाटोडा' म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'आधाटोडा वासिका' असे नाव आढळते. यातला 'आधाटोडा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तो तमिळ भाषेतून आला. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी आणि 'तोडा' म्हणजे न शिवणारी. ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ. शेळी बहुतेक सगळा पाला खाते, पण अडुळशाला टाळते. हे ज्ञान आपल्या शेळ्या राखणाऱ्या पोरांना कोणत्याही पुस्तकाशिवाय आहे. याच कारणाने लोक तो कुंपणाला लावतात. कुंपणाचे कुंपण होते आणि औषधही दारात राहते.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, अडुळसा शेताच्या बांधावर आणि घराच्या आवारात सापडतो. मात्र एक सूचना. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही आपल्या जिल्ह्यातील अभयारण्ये आहेत. तेथून झाडपाला तोडून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. अडुळशासाठी जंगलात जायची गरजही नाही. तो फांदीवरून घरी सहज लागतो. कसा, ते पुढे सांगितले आहे.

सुरतेला राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांसाठीही एक गोष्ट सांगणे जरूर आहे. गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' म्हणतात आणि 'अरडूसो' म्हणजे आपला महारुख. महारुख हे उंच वाढणारे वेगळेच झाड आहे. एका अक्षराच्या फरकाने भलताच पाला घरात येऊ शकतो. तेव्हा नाव ऐकून नव्हे, तर पान-फूल पाहून खात्री करावी.

ग्रंथापासून प्रयोगशाळेपर्यंत

आयुर्वेदात अडुळसा फार जुना आहे. खोकला, दमा, कफ आणि रक्तपित्त, म्हणजे तोंडा-नाकावाटे रक्त पडणे, यांवर तो सांगितला आहे. वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत ही औषधे त्याच्यापासूनच तयार होतात.

आता आधुनिक शास्त्र काय म्हणते ते पाहू. १८८८ साली हूपर या शास्त्रज्ञाने अडुळशाच्या पानातून एक द्रव्य वेगळे काढले. त्याला 'वासिसीन' असे नाव मिळाले. हे नाव आपल्या 'वासा' या शब्दावरूनच आलेले आहे. वासिसीनमुळे श्वासनळ्या थोड्या सैल होतात आणि चिकट कफ पातळ होऊन सुटायला मदत होते, असे अभ्यासात दिसून आले. पुढे १९६० च्या दशकात जर्मनीत या वासिसीनचा धागा पकडून 'ब्रोमहेक्सिन' हे औषध तयार करण्यात आले. त्याच्यापासून पुढे 'अँब्रॉक्सॉल' निघाले. आज मेडिकलवर मिळणाऱ्या कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावे छापलेली असतात. घरात बाटली असेल तर उजेडात धरून बारीक अक्षरे वाचून पाहा. आपल्या कुंपणावरचे झाड परदेशी जाऊन, कारखान्यातून फिरून बाटलीत परत आलेले आहे.

म्हणजे आजीचे म्हणणे खोटे नव्हते. अडुळशाने कफ सुटतो ही ऐकीव गोष्ट नाही. पण कफ सुटणे आणि रोग बरा होणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावे.

येथे जीवकाची आठवण येते. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराभोवती एक योजन फिरून, औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण, असे सांगितले. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. ही कथा आपल्याकडे पुष्कळ वेळा सांगितली जाते आणि तिचा अर्थ 'झाडपाला म्हणजे सर्व रोगांवर इलाज' असा लावला जातो. तो बरोबर नाही. जीवकाने आधी सात वर्षे अभ्यास केला होता. प्रत्येक झाड कशाचे औषध आहे आणि कशाचे नाही, हे त्याला पारखता येत होते. म्हणून तर तो बिंबिसार राजाचा आणि भगवान बुद्धांच्या संघाचा वैद्य झाला. जीवकाचा वारसा सांगायचा तर झाडपाल्यावरच्या श्रद्धेचा न सांगता पारख करण्याचा सांगितला पाहिजे.

घरगुती उपयोग

सर्दीनंतरचा कफाचा खोकला, छातीत घरघर आणि चिकट बेडका सुटत नसेल, अशा वेळी मोठ्या माणसाला अडुळसा उपयोगी पडतो.

काढा : अडुळशाची चार-पाच निरोगी, पक्की पाने स्वच्छ धुऊन तुकडे करावीत. चार कप पाण्यात घालून मंद आचेवर उकळावीत व एक कप पाणी उरले की गाळून घ्यावे. चवीसाठी थोडा गूळ व आल्याचा तुकडा चालतो. हा काढा अर्धा सकाळी व अर्धा सायंकाळी कोमट घ्यावा.

रस : अडुळशाचे ताजे पान नुसते वाटून रस फारसा निघत नाही, हा अनेकींचा अनुभव असेल. जुन्या लोकांची युक्ती अशी की, पाने दुसऱ्या मोठ्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर वाफवून घ्यावीत व मग पिळावीत. वैद्य याला पुटपाक म्हणतात. गॅसवर करायचे तर चाळणीत ठेवून वाफवली तरी चालते. असा दोन चमचे रस तितक्याच मधातून घ्यावा.

हे उपाय तीन-चार दिवस, फार तर आठवडाभर करून पाहावेत. पाने अधिक घातली म्हणजे गुण अधिक येतो, असे नाही. जास्त घेतल्यास मळमळ, उलटी व जुलाब होऊ शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ-मध टाळावा. कोरड्या खोकल्यात याचा विशेष लाभ होत नाही. त्यासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या बऱ्या.

काही ठिकाणी दम्यासाठी अडुळशाचे वाळलेले पान विडीसारखे ओढण्याची रीत आहे. ती सर्वथा सोडावी. धूर कोणत्याही पानाचा असो, दमेकऱ्याच्या छातीला तो वैरीच. दम्याचा झटका आला असता काढा उकळीत बसू नये. फवाऱ्याचे औषध द्यावे किंवा तातडीने दवाखाना गाठावा.

यांनी अडुळसा घेऊ नये

गरोदर बाईने अडुळसा मुळीच घेऊ नये. वासिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावतो. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या सुमारास यावर सविस्तर अभ्यास केला व वासिसीनमुळे गर्भपात होऊ शकतो, असे दाखवून दिले. सासूबाईंनी मायेने दिलेला काढासुद्धा सुनेच्या पोटातल्या जिवाला धोका करू शकतो. दिवस राहिल्याची शंका असली तरी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या मातांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लहान लेकरांच्या बाबतीत तर अधिक जपावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले व लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची पातळ औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारने काढली. ही घटना ऐकून पुष्कळ आयाबाया म्हणू लागल्या की, बाटलीपेक्षा आपला काढा बरा. त्यांची भीती रास्त आहे, पण तान्ह्या लेकराला कडू काढा पाजणे हा त्यावर उपाय नव्हे. एक वर्षाखालील मुलाला मधही चाटवू नये, कारण त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला अंगावरचे दूध, कोमट पाणी, ऊब आणि चार दिवसांची विश्रांती एवढ्यावरच बहुधा बरा होतो. मूल भराभर श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा ते दूध पीत नसेल तर घटकाभरही न थांबता दवाखान्यात न्यावे.

अडुळसा आणि क्षय

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येऊ.

जुन्या वैद्यक ग्रंथांत असा भरवसा दिलेला आहे की, अडुळसा हाताशी असताना खोकलेकऱ्याने आणि क्षयी माणसानेही जगण्याची आशा सोडू नये. ज्या काळी हे लिहिले गेले त्या काळी ते समजण्यासारखे होते. क्षयाला दुसरे औषधच नव्हते. क्षय हा जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडले. या जंतूंना मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले औषध १९४३ मध्ये सापडले. तोवर चांगली हवा, चांगले अन्न आणि विश्रांती एवढाच इलाज होता. मुंबईत गिरणी कामगारांपैकी कित्येकांनी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाची वाट धरली, हे जुन्या पिढीला आठवत असेल.

पण आज काळ बदलला आहे. क्षय पूर्ण बरा होतो. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे. अडुळशाने क्षयाचे जंतू मरून रोगी बरा झाला, असे मात्र कुठेही सिद्ध झालेले नाही. असे असूनही आमच्या वस्त्यांत काय घडते? माणूस खोकतो, काढा घेतो, कफ सुटतो, थोडे मोकळे वाटते आणि तो कामावर जातो. आतले जंतू आपले काम करीतच राहतात.

आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी वस्त्यांतून आरोग्याची माहिती देत फिरतो. घाटाखालच्या एका गावात गवंडीकाम करणारे एक गृहस्थ साडेतीन महिने खोकत होते. अंगावरचा सदरा ढगळ झाला होता. त्यांची पत्नी रोज नेमाने काढा करून देत होती. दवाखान्यात का गेला नाहीत, असे आम्ही विचारले तेव्हा त्या माउलीने उत्तर दिले, 'कफ सुटून राह्यला ना भाऊ, म्हणजे औषध लागू पडलं.' तिचे निरीक्षण खरे होते. कफ सुटतच होता. फक्त त्या कफात काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. गावच्या आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी थुंकीसाठी डबी दिली. तपासणीत क्षय निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात नऊ वर्षांच्या मुलीलाही बाधा झाल्याचे कळले. बापाने सहा महिने औषध घेतले, मुलीलाही तिच्या वजनाप्रमाणे औषध मिळाले, आणि दोघेही बरे झाले. पण तीन महिने आधी डबी हातात पडली असती तर मुलगी कदाचित वाचली असती, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

उपचार न घेतलेला एक क्षयरोगी वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण करू शकतो. एकाच खोलीत सहा-सात माणसे झोपणाऱ्या आपल्या घरांत पहिली लागण कोणाला होणार, हे वेगळे सांगायला नको. त्यात गिट्टीखदान आणि दगडफोडीच्या बारीक धुळीने ज्यांची फुफ्फुसे आधीच खराब झाली आहेत, त्यांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जिनिंगमधील कापसाच्या धुळीचा त्रास वेगळा. सुट्टीनंतर कामावर गेले की छाती आवळते, हे त्याचे लक्षण. या सर्वांना काढ्याने घटकाभर आराम पडतो, आणि तो आरामच त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवतो.

म्हणून ही खूणगाठ बांधावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मरणे, यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. थुंकीत रक्त दिसले तर दोन आठवडेही थांबू नये. 'अडुळशाने रक्त थांबते' म्हणून वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

थोडा हिशेब

आम्ही दिवसभर हिशेबाच्या वह्यांत असतो, म्हणून हाही हिशेब मांडतो. थुंकीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयामार्फत होते. तिला पैसे पडत नाहीत. सहा महिन्यांचे औषध मोफत आहे. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रोग्याला सकस आहारासाठी महिना ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १,००० रुपये झाली. सहा महिन्यांचे ६,००० रुपये होतात. त्यासाठी नाव नोंदवून आधार व बँक खात्याचा नंबर द्यावा लागतो. पैसे जमा झाले नाहीत तर आरोग्य केंद्रात विचारावे. तो आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा फुकट लागणारा सरकारी फोन नंबर आहे.

दुसऱ्या बाजूला काय? चार महिने बुडालेली मजुरी, व्याजाने काढलेले पैसे आणि घरात पसरलेला रोग. तपासणीला गेलेला एक दिवस यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आणखी एक. औषध सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि पुष्कळ जण गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत आणि पुढचा इलाज लांबलचक व कठीण होतो. गोळ्या चालू असताना अडुळसा किंवा दुसरा कोणताही काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावा. आपल्या गोळ्यांची जागा त्याला कधीही देऊ नये. रोग लपवू नये आणि रोग्याला वाळीतही टाकू नये. वाळीत टाकणे म्हणजे काय असते हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

अडुळसा कसा लावावा

पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटाएवढ्या जाडीची पक्की फांदी घ्यावी. तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालची पाने काढून निम्मा तुकडा ओलसर मातीत किंवा माती-शेणखताच्या पिशवीत खोचावा. साधारण दोन महिन्यांत मुळे धरतात. मग घराच्या कडेला, न्हाणीच्या पाण्याजवळ किंवा विहाराच्या आवारात लावावा. मात्र पाणी साचणारी जागा नको. काळ्या मातीत लावायचा तर थोडा उंचवटा करावा. एकदा जीव धरला की राखण लागत नाही, शेळ्याही खात नाहीत. रस्त्याच्या कडेचा किंवा शेजारी फवारणी होते अशा बांधावरचा पाला औषधाला घेऊ नये.

महिला मंडळांनी आणि तरुणांनी येत्या पावसाळ्यात विहाराच्या आवारात अडुळशाची चार झुडपे जरूर लावावीत. आणि त्यांच्या शेजारी एक लहानशी पाटीही लावावी : 'गरोदर बाईने घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासा.' झुडूप आणि पाटी दोन्ही असली तरच ते औषध आपल्या वस्तीच्या कामी येईल.